नऊ महिने कॉमिक्स आणि कॅलेंडरची एक पट्टी

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं तेव्हा माझ्याकडे स्वतःचं असं एकही कॉमिक नव्हतं. आता फेब्रुवारी संपत आलाय आणि होस्टेलच्या कॉटखाली दोन खोकी भरलीत. लायब्ररीतून आणून परत केलेली वेगळीच. मी पुण्यात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, घर कराडला. या नऊ महिन्यांत आजोबांच्या वेताळापासून मैत्रिणीच्या मांगापर्यंत, म्हणजे जपानी कॉमिक्सपर्यंत, जे हाताला लागलं ते वाचलं. कुणाला नव्याने सुरुवात करायची असेल तर उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी माझी वाचायची रीत सांगते, कारण पुढची सगळी मतं तिच्यावरच उभी आहेत. पहिल्या महिन्यात लक्षात आलं की मी चित्रं बघतच नाहीये. एका फुग्यातला संवाद वाचायचा की उडी मारून दुसऱ्या फुग्यावर. बत्तीस पानांचा अंक दहा मिनिटांत संपायचा आणि डोळ्यांसमोर काहीच उरायचं नाही. मग जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाची दोन बोटं रुंद पट्टी कापली. प्रत्येक पानावर आधी पट्टीने मजकूर झाकायचा, नुसती चित्रं बघायची, काय चाललंय ते मनात धरायचं आणि मग पट्टी उचलून वाचायचं. यात वेळ तिप्पट जातो. पण कुठल्या कॉमिकमध्ये चित्र बोलतंय आणि कुठल्यात ते नुसतं सोबतीला उभं आहे, हे लगेच कळतं.

सुरुवात झाली घरच्याच ट्रंकेपासून. आजोबा एसटीत कंडक्टर होते. स्टँडवरच्या बुकस्टॉलवरून घेतलेले इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक त्यांनी दहा-दहाचे गठ्ठे करून शिवून ठेवलेत. ही मालिका १९६४ साली सुरू झाली आणि १९९० मध्ये बंद पडली. ली फॉक यांनी १९३६ साली अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांसाठी काढलेला फँटम आपल्याकडे वेताळ झाला. मूळ गोष्ट रोज तीन-चार चौकटींनी छापली जायची, तीच जोडून अंक बनवलेले. त्यामुळे काही पात्रं घडलेलं पुन्हा पुन्हा का सांगतात, याचा उलगडा झाला. कालचा पेपर चुकलेल्या वाचकासाठी ती सोय होती.

ट्रंकेतले अंक मी मनापासून वाचले. कवटीची गुहा, कवटीची अंगठी, पिढ्यान् पिढ्या चालत आलेली शपथ, सगळ्याची ओढ लागते. पण पट्टी ठेवल्यावर एक गोष्ट खुपायला लागली. संवाद झाकले की पानापानावर तेच दिसतं: मधोमध तो गोरा मुखवटेवाला, आणि कडेला भाले घेऊन त्याच्याकडे बघत उभे असलेले जंगलातले लोक. त्यांना करायला काही कामच नाही. भारतीय आवृत्तीत वेताळाचं जंगल ज्या देशात आहे त्याचं नाव बदलून डेंकाली केलं होतं, चाच्यांच्या टोळीचं 'सिंग' हे नावही बदललं होतं. म्हणजे नावं खटकतील हे छापणाऱ्यांना कळलं होतं, पण चित्रांतली माणसं होती तिथेच राहिली. आजोबांशी हे बोलले. ते बराच वेळ अंक चाळत राहिले आणि म्हणाले, "आम्ही वेताळच बघायचो गं. बाकीच्यांकडे कुठं बघितलं?" पुढच्या वेळी घरी गेले तेव्हा त्यांनीच आबिद सुरती यांच्या 'बहादूर'चे अंक वेगळे काढून ठेवले होते. १९७६ मध्ये आलेला हा नायक डाकूचा मुलगा, भगवा कुर्ता आणि जीन्स घालून चंबळच्या डाकूंशी लढणारा. तिथे पट्टी ठेवली तरी गावकऱ्यांना चेहरे आहेत. ते घाबरतात, भांडतात, पळतात आणि परतही येतात.

अमर चित्र कथेबद्दल लिहिताना मला थोडं जड जातंय, कारण आईने मला पुराणातल्या निम्म्या गोष्टी त्यातूनच वाचून दाखवल्या. अनंत पै यांनी १९६७ साली ही मालिका उभी केली आणि राम वाईरकरांनी काढलेला कृष्ण आजही बघत राहावासा वाटतो. तरी आता मोठेपणी वाचताना ती माझ्या हातून फार लवकर संपते. चौकटीच्या वर 'राजा संतापला' असं लिहिलेलं असतं आणि खाली राजा संतापलेलाच दिसतो. पट्टी ठेवा किंवा काढा, मिळणारी माहिती तेवढीच. शिवाय राक्षस काळे आणि देव-राजे गोरे किंवा निळे, ही विभागणी एकदा दिसली की प्रत्येक अंकात दिसते. लहान मुलांसाठी जरूर घ्या, गोष्टी पोचतात. पण शेजारी बसून वाचा आणि त्या रंगांबद्दल त्यांच्याशी बोला.

'चिंटू'चं मात्र कौतुकच करायचंय. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका १९९१ पासून 'सकाळ'मध्ये यायला लागली. तिचे संग्रह मी धाकट्या भावासाठी आणले. तो पाचवीत, इंग्रजी शाळेत, मराठी वाचायचं म्हटलं की जोडाक्षराला अडखळतो आणि पुस्तक मिटतो. चिंटू त्याने मिटला नाही. वाक्यं घरात बोलतो तशीच आहेत आणि तीन-चार चौकटींत हसू मिळतं, एवढंच त्याला पुरलं. दिवाळीच्या सुट्टीत रोज रात्री दोन पानं तो मला वाचून दाखवायचा. आता पेपर आला की आधी तो घेतो.

मांगा वाचायला मैत्रिणीने लावलं. 'वन पीस' १९९७ पासून चालू आहे, शंभराहून जास्त खंड झालेत, तेव्हा ते पूर्ण वाचल्याचा दावा मी करणार नाही. अकरा खंड झालेत. पुस्तक उलटं, उजवीकडून डावीकडे वाचायचं. पहिले तीन दिवस उत्तर आधी आणि प्रश्न नंतर असं होत होतं, चौथ्या दिवशी डोळे वळले. इथे पट्टीचं कामच कमी पडलं, कारण पानंच्या पानं जवळजवळ शब्दांशिवाय जातात. वेग सगळा रेषांत आहे. एक गोष्ट कळली आणि फार आवडली: जपानी कॉमिक्समध्ये शांततेलाही आवाजाचा शब्द आहे, 'शीन'. कुणी काही बोलत नसलं की चित्रात ती अक्षरं लिहितात. तेव्हापासून मला आपल्या शब्दांची हळहळ वाटते. धाडकन, खळ्ळकन, सटकन, भसकन, चुळुकचुळुक, रपरप, भिरभिर, मराठीत असा खजिना आहे. पण भाषांतरित कॉमिक्समध्ये आवाजाची अक्षरं चित्रातच रंगवलेली असल्यामुळे बऱ्याचदा इंग्रजीच राहतात. दार 'धाडकन' लागलेलं मला चित्रात बघायचंय.

फोनवर खाली सरकवत वाचायची कोरियन वेबटूनही दोन महिने वाचली. बसमध्ये ठीक आहेत. रात्री डोळे चुरचुरतात आणि मागे जाऊन एखादं चित्र पुन्हा शोधायचं म्हणजे बोट दुखेपर्यंत सरकवायचं. मी सोडून दिली.

आर्ट स्पीगलमन यांचं 'माउस' लायब्ररीत बसून वाचलं, घरी नेता येत नव्हतं. आधी मी ते ऑनलाइन मागवलं होतं. जुनी प्रत आली आणि तीत मधली सोळा पानं गायब. विकणाऱ्याने पैसे परत द्यायला सव्वा महिना लावला. जुनं कॉमिक घेताना पानं मोजल्याशिवाय पावती टाकून देऊ नका, हा माझा आग्रहाचा सल्ला. पुस्तक मात्र कुठूनही मिळवा. लेखकाचे वडील ऑशविट्झच्या छळछावणीतून वाचलेले, त्यांची हकिगत यात आहे. ज्यू उंदीर, जर्मन मांजरं. १९९२ साली याला पुलित्झरचं विशेष पारितोषिक मिळालं. दुसऱ्या भागात एक पान आहे, त्यावर मी एक अख्खी दुपार होते. मजकूर झाकला तर दिसतो टेबलाशी बसलेला, तोंडावर उंदराचा मुखवटा बांधलेला एक माणूस. आजूबाजूला माशा. चौकटीमागून चौकट तोच माणूस, त्याच माशा. खाली मोठं चित्र येतं आणि माशा कशाच्या ते कळतं: टेबलाच्या पायथ्याशी उंदरांच्या प्रेतांचा ढीग आहे. पट्टी काढली तर तो माणूस तारखा सांगतोय. वडील गेले ती, आपल्याला मूल होणार आहे ती, ऑशविट्झमध्ये काही दिवसांत लाखावर माणसं मारली गेली ती, पुस्तक गाजलं ती. नुसते शब्द वाचले असते तर ती सनावळी वाटली असती. नुसतं चित्र बघितलं असतं तर हा आत्ताचा लेखक आहे हे कळलं नसतं. ती दोन्ही एकत्र वाचल्यावर मी पुस्तक मिटून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

आणि मग 'भीमायन'. नऊ महिन्यांतलं माझं सगळ्यात प्रिय पुस्तक हेच. २०११ साली आलेलं, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातल्या अनुभवांवरचं. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलाकारांची, मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. सवयीने पट्टी घेऊन बसले आणि पहिल्या काही पानांतच अडले. इथे सरळ चौकटी नाहीत. पात्रांना चौकटींत कोंडलं की ती गुदमरतात, असं या कलाकारांचं म्हणणं आहे. त्यांच्याकडे घराच्या भिंतीवर आणि जमिनीवर काढतात तो दिग्ना, ती नक्षीच पान विभागत जाते. कुठला भाग आधी वाचायचा हे नक्षीच्या वळणावरून ठरतं. फुग्यांचं तर त्याहून वेगळं. साध्या, गोड बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. ज्या बोलण्यात विष आहे, त्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातल्या विचाराला डोळा. मी मजकूर झाकला की पक्षी झाकला जायचा, नांगी झाकली जायची. शब्द आणि चित्र वेगळं करायला जागाच ठेवलेली नाही. पट्टी दप्तरात टाकली आणि नुसती वाचत गेले.

डिसेंबरात ते घरी नेलं. आजोबांना मोतीबिंदूमुळे बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी वाचून दाखवायला बसले. पुस्तकाची सुरुवात बसस्टॉपवर होते, आरक्षणावरून चाललेल्या वादाने. ते ऐकून ते म्हणाले, "हे मी तीस वर्षं गाडीत ऐकलंय." मग १९०१ सालचा प्रसंग आला. नऊ-दहा वर्षांचा भीम भावंडांबरोबर वडिलांना भेटायला रेल्वेने निघतो, मसूर स्टेशनवर उतरतो, जात कळताच एकही गाडीवाला त्यांना न्यायला तयार होत नाही. शेवटी दुप्पट पैसे देऊन मुलांनी स्वतःच बैलगाडी हाकली, गाडीवाला पायी चालला, आणि रात्रभर त्यांना प्यायला पाणी मिळालं नाही. मसूर म्हटल्यावर आजोबा सरळ होऊन बसले. कराड-मसूर फेरीवर ते कित्येक वर्षं होते. "त्या स्टेशनबाहेर गाडी उभी असायची माझी," एवढं म्हणाले आणि पुस्तक माझ्या हातातून घेतलं.

अक्षर दिसत नव्हतं, तरी ते पानं उलटत गेले. मी वाचायचं थांबवलं. शाळेच्या पानाशी ते थांबले, तहानलेल्या पोराला झिडकारणारी माणसं होती तिथे. त्यांनी फुग्याच्या टोकावर बोट ठेवलं, नांगीच्या वळणावरून सावकाश फिरवलं आणि म्हणाले, "हे काय बोललेत ते नको वाचूस बाळा. दिसतंय मला."