लोकगीत टिपायचं कशावर: कागदावर की रेकॉर्डरवर?

१८७७मध्ये एडिसनने फोनोग्राफ, म्हणजे आवाज टिपून पुन्हा ऐकवणारं यंत्र, बनवला. तोवर लोकगीत जपायचं तर ते लिहून घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. लिहिलेलं गाणं चाळता येतं, पाठभेद शेजारी ठेवून ताडता येतात. पण लिहिणारा स्वतःच्या कानाने ऐकतो. ओळखीच्या बारा स्वरांत न बसणारा सूर तो नकळत ‘दुरुस्त’ करतो. गाणाऱ्याला तुकड्यातुकड्याने म्हणायला लावलं की लयही हातची जाते.

जागेवर केलेल्या ध्वनिमुद्रणात दम घेणं, अडखळणं, मध्येच कुणीतरी सुचवलेला शब्द, मागचं पोराचं रडणं असं सगळं शाबूत राहतं. (मला तर ते रडणंही मोलाचं वाटतं, गाणं कुणासमोर चाललं होतं ते त्यातून कळतं.) यंत्रही निर्दोष नाही म्हणा. १८९०मध्ये मानववंशशास्त्रज्ञ जेसी वॉल्टर फ्यूक्स यांनी अमेरिकेतल्या मेन राज्यात पासामाक्वॉडी या तिथल्या मूळ रहिवासी लोकांची गाणी मेणाच्या नळकांड्यांवर घेतली. अशा नळकांड्यावर मोजकी मिनिटंच मावत, लांब गाणं तोडावं लागे आणि दर वेळी वाजवताना मेण झिजे. पुढे आलेल्या चुंबकीय फितींपैकी कित्येक कालांतराने चिकट झाल्या. कागद या बाबतीत खमका.

लोकगीतं गोळा करणारे हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक यांनी दोन्ही केलं: आधी मुद्रण, मग तेच पुन्हापुन्हा ऐकून बारीक स्वरलेखन. निवडायचंच झालं तर मी आधी रेकॉर्डर सुरू करेन. मुद्रणावरून स्वरलिपी केव्हाही करता येते, स्वरलिपीतून तो आवाज परत मिळत नाही. गाणाऱ्याचं नाव, जागा, तारीख आणि परवानगी मात्र त्याच दिवशी, वहीत.