आधी वजन की आधी कर्बोदके? टाइप २ मधुमेहासाठीच्या आहारपद्धतींची तुलना

टाइप २ मधुमेहाचे निदान झालेल्या माणसाला आहाराचे इतके सल्ले मिळतात की त्यांतला एक निवडणे हेच मोठे काम होऊन बसते. कोणी कर्बोदके जवळजवळ बंद करायला सांगतो, कोणी दिवसातले ठरावीक तासच खायला, तर कोणी काही आठवडे नेहमीचे अन्न सोडून केवळ मोजक्या कॅलरींच्या पेयांवर राहायला. यांपैकी प्रत्येक पद्धतीने साखर उतरल्याची खरी उदाहरणे आहेत आणि गोंधळ नेमका त्यामुळेच वाढतो. साखर उतरणे ही एक गोष्ट आहे, आणि ती ज्या बिघाडामुळे चढते तो बिघाड कमी होणे ही दुसरी. तुलना करायची तर दोन्ही अंगांनी करावी लागते.

इन्शुलिनमुळे स्नायू रक्तातील साखर शोषून घेतात आणि यकृत नवी साखर रक्तात सोडणे आवरते घेते. इन्शुलिन रेझिस्टन्समध्ये इन्शुलिन भरपूर असूनही स्नायू आणि यकृत त्याला पुरेशी दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड ते अधिकाधिक स्रवत राहते. ही वाढीव मागणी त्याला पेलेनाशी झाली की मधुमेह उघड होतो. यकृतात आणि स्वादुपिंडात साचलेल्या चरबीचा या साखळीत मोठा वाटा असतो. उपाशीपोटीची साखर मुख्यतः यकृत रात्रभर किती साखर सोडते यावर अवलंबून असते, तर जेवणानंतरची साखर प्रामुख्याने त्या जेवणातील कर्बोदकांवर. आहार निवडण्यापूर्वी आपल्या तपासणीत यांपैकी कोणता आकडा अधिक बिघडलेला आहे हे पाहून घ्यावे. पुष्कळ जण ते पाहतच नाहीत.

अतिशय कमी कॅलरींचा आहार थेट या चरबीवर काम करतो. न्यूकॅसल विद्यापीठातील रॉय टेलर यांच्या गटाने २०११ मध्ये ११ रुग्णांना ८ आठवडे दिवसाला सुमारे ६०० कॅलरींवर ठेवले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांची उपाशीपोटीची साखर सामान्य पातळीवर आली. ११ माणसांवरून फारसे काही सिद्ध होत नाही, पण त्यातून पुढे ब्रिटनमधील 'डायरेक्ट' ही मोठी चाचणी उभी राहिली आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात निदान होऊन ६ वर्षांहून कमी काळ झालेले आणि इन्शुलिन न घेणारे रुग्ण होते. त्यांना ३ ते ५ महिने दिवसाला सुमारे ८२५ ते ८५० कॅलरींची तयार पेये देऊन नंतर हळूहळू नेहमीच्या अन्नावर आणले गेले. वर्षअखेरीस आहारगटातील ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह औषधांविना आटोक्यात होता, म्हणजे त्यांना रेमिशन मिळाले होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात हे प्रमाण ४ टक्के होते. ज्यांचे वजन १५ किलो किंवा त्याहून अधिक घटले त्यांच्यात तर ते ८६ टक्क्यांवर गेले. दोन वर्षांनी मात्र आहारगटाचा आकडा ३६ टक्क्यांवर आला, आणि घसरणीचे कारण साधे होते: वजन पुन्हा वाढले की मधुमेहही परतला.

कमी कर्बोदकांच्या आहारात, म्हणजे साधारणपणे दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके असलेल्या आहारात, पहिल्याच दिवसापासून जेवणानंतरची साखर कमी चढते. हे मोजयंत्रावर लगेच दिसते, त्यामुळे उत्साह टिकतो, आणि बहुतेकांची भूक मंदावल्याने वजनही घटते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २३ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात ६ महिन्यांनंतर या आहाराचे पारडे स्पष्टपणे जड होते, पण १२ महिन्यांपर्यंत तो फरक बराच ओसरला होता. शिवाय धान्य कमी करून त्या जागी लोणी आणि चरबीयुक्त मांस वाढवले, तर साखरेचा आकडा सुधारतो आणि एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारे 'वाईट' कोलेस्टेरॉल, चढू शकते. मधुमेहात हृदयविकाराचा धोका आधीच जास्त असतो, त्यामुळे हा सौदा मला तरी फायद्याचा वाटत नाही. तीच जागा कडधान्ये, सुकामेवा, मासे आणि वनस्पतिजन्य तेलाने भरली, तर आक्षेप बराचसा मावळतो.

असे केले की आपण भूमध्यसागरी पद्धतीच्या जवळ पोहोचतो. भाज्या, कडधान्ये, अख्खी धान्ये, ऑलिव्ह तेल, सुकामेवा आणि मासे यांवर उभा असलेला हा आहार साखर सावकाश उतरवतो. त्याची खरी ताकद हृदयाच्या रक्षणात आहे. स्पेनमधील 'प्रेडिमेड' चाचणीत सुमारे ७,४०० सहभागी होते आणि त्यांतील जवळजवळ निम्मे मधुमेही होते. तिच्यात भूमध्यसागरी आहार घेणाऱ्यांत तुलनेच्या गटापेक्षा हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयरोगाने होणारे मृत्यू मिळून सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. सहभागींना गटांत वाटण्यातील त्रुटी लक्षात आल्यावर २०१३ चा मूळ लेख मागे घेऊन २०१८ मध्ये तो नव्या विश्लेषणासह प्रसिद्ध करावा लागला, तरी निष्कर्षाची दिशा बदलली नाही.

ठरावीक तासांतच खाण्याच्या पद्धतीबद्दल थोडक्यात इतकेच, की तिचा बराचसा फायदा एकूण खाणे कमी होण्यातून येतो. ज्याला मोजून खाण्यापेक्षा एक वेळ वगळणे सोपे जाते त्याने ती जरूर वापरावी. ग्लायसेमिक इंडेक्सचा उपयोगही मर्यादित आहे, कारण पदार्थ रक्तातील साखर किती वेगाने चढवतो हे तो सांगतो, आपण तो किती खाल्ला हे सांगत नाही. शिवाय तोच पदार्थ भाज्या आणि प्रथिने खाऊन झाल्यावर घेतला, तर साखर कमी चढते.

मग निवड कशी करावी? निदान अलीकडचे असेल आणि वजन जास्त असेल, तर वैद्यकीय देखरेखीखाली आधी वजन उतरवणे आणि नंतर ते भूमध्यसागरी पद्धतीने टिकवणे हा क्रम मला सर्वांत सयुक्तिक वाटतो. स्वादुपिंडाची क्षमता परत येण्याची शक्यता सुरुवातीच्या वर्षांत अधिक असते, आणि ती संधी वाट पाहत थांबत नाही. वजन बेताचे असून जेवणानंतरची साखरच चढत असेल, तर कर्बोदके कमी करणे अधिक उपयोगी ठरते. मधुमेह जुना असेल किंवा हृदयविकार जडलेला असेल, तर रेमिशनच्या मागे धावण्यापेक्षा भूमध्यसागरी आहार बरा. मूत्रपिंडाचा आजार असल्यास प्रथिने किती घ्यावीत हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

कोणतीही पद्धत निवडली, तरी तिच्याआधी औषधांचा विचार व्हायला हवा. इन्शुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील (स्वादुपिंडाला अधिक इन्शुलिन स्रवायला लावणाऱ्या) गोळ्या चालू असताना खाणे एकदम कमी केले, तर साखर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरून घाम, थरथर आणि भोवळ येऊ शकते, म्हणून मात्रा आहार बदलण्याआधी कमी करून घ्यावी लागते. एसजीएलटी-२ गटातील (लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या) गोळ्या घेणाऱ्यांनी कर्बोदके फार कमी केली, तर साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ले साचण्याचा धोकादायक विकार, होऊ शकतो, आणि आकडा चांगला दिसत असल्यामुळे तो लक्षात यायला उशीर होतो. डोळ्यांच्या पडद्यावर आधीच परिणाम झाला असेल, तर साखर झपाट्याने उतरवण्यापूर्वी नेत्रतपासणी करून घ्यावी, कारण अशा वेळी तो विकार काही काळ बळावू शकतो. एचबीए१सी ही सरासरी साखरेची रक्ततपासणी साधारण मागच्या २ ते ३ महिन्यांचे चित्र दाखवते, त्यामुळे नव्या आहाराचा पहिला हिशेब ३ महिन्यांनीच मांडावा, आणि त्याच वेळी वजन, कमरेचा घेर आणि कोलेस्टेरॉलही तपासावे.