चौदा तास चाललेला प्रोजेक्टर

प्रोजेक्टरच्या मेनूत ‘लाइट सोर्स अवर्स’, म्हणजे आतला दिवा किंवा लेझर किती तास चालला, या ओळीसमोर 14 हा आकडा होता. त्या चौदावर भरवसा ठेवून मी 1,46,000 रुपये मोजले. पुढे सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने तोच प्रोजेक्टर पाहिला, तेव्हा तो हसला नाही, एवढे त्याचे उपकार.

मी कोल्हापूरचा. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून वरची दहा बाय सोळाची खोली रिकामी होती आणि तिथे होम थिएटर करायचं सात-आठ वर्षं मनात होतं. एवढी वर्षं मी नुसता वाचत होतो. ऑनलाइन सात-आठ हजारांत मिळणारे ‘4के, 12,000 लुमेन’वाले डबे (4के म्हणजे चित्राची बारकाई, लुमेन म्हणजे एकूण उजेड) कसे फसवे असतात, हे मित्रांना मीच सांगायचो. आत एलईडीचा दिवा, पुढे 1280 गुणिले 720 चं एकच एलसीडी पॅनल, आणि ‘4के सपोर्ट’ म्हणजे 4के सिग्नल आत घेतो एवढंच. पडद्यावर 720 च उमटतं. लुमेनचा आकडा तर कुठून आणतात देव जाणे. खरा आकडा एएनएसआय या अमेरिकी मानक संस्थेच्या पद्धतीचा. पडद्याचे नऊ समान भाग करायचे, प्रत्येकाच्या मध्यावर लक्स, म्हणजे तिथे पडणारा उजेड, मोजायचे, सरासरीला पडद्याच्या क्षेत्रफळाने गुणायचं. हे सगळं मला पाठ होतं. म्हणूनच मी फसलो, असं आता वाटतं.

फेब्रुवारी 2025 मध्ये एका साउंडवाल्याकडून पुण्यातल्या एका विक्रेत्याचा नंबर मिळाला. उपनगरातला गाळा, बाहेर पाटी नाही, आत काळ्या रंगाने रंगवलेली डेमो-रूम. त्याने आधी दिवे घालवले आणि चहा अंधारातच आणला. मला गंमत वाटली. दहा मिनिटं आम्ही अंधारात गप्पा मारल्या. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला अर्धा उजेडही झगझगीत वाटतो, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

मग त्याने चक्क तो 12,000 लुमेनवाला डबा चालू केला. “सर, हे बघा, लोक हे घेऊन रडत येतात माझ्याकडे.” डबा, त्याचा फिका पडदा, कोपऱ्यांतलं धुरकट चित्र. मी मान डोलावत होतो. माझ्याच तोंडचं वाक्य हा माणूस बोलत होता! त्यानंतर त्याने लेझरचा प्रोजेक्टर लावला. कुणी आधी साबुदाण्याची कच्ची खिचडी खायला घालून मग नीट भिजवलेली पुढे ठेवावी, तसं.

पुढे त्याने मला जे सांगितलं, ते सगळं खरं होतं, हे मुद्दाम लिहितो. निळा लेझर पिवळ्या फॉस्फरच्या (उजेड पडला की चमकणाऱ्या पदार्थाच्या) चाकावर पडतो आणि त्यातून बाकीचे रंग मिळतात, हे खरं. डीएलपी चिपवर 1920 गुणिले 1080 इवले आरसे आहेत, चित्र दर फ्रेमला चार वेळा किंचित सरकवून 3840 गुणिले 2160, म्हणजे सुमारे 83 लाख ठिपके उमटवतात, हेही खरं. त्याने झोतात पेन्सिल भराभर हलवून दाखवली. सावलीच्या कडेला लाल-हिरव्या-निळ्या रेघा आल्या. “एलसीडीत ह्या येत नाहीत सर.” बरोबर, म्हणजे चिप डीएलपीचीच. बारीक अक्षरांचा 4के नमुना लावला, अक्षर न अक्षर सुटं. माझ्याकडे विचारायला प्रश्नच उरला नाही. खोटं फक्त दोन ठिकाणी होतं, वयात आणि कागदात, आणि तिकडे मी बघितलंच नाही.

पेटी उघडलेली का, तर “प्रदर्शनात दोन दिवस लावला होता, चौदा तास झालेत, मेनूत बघा.” बाहेर याची किंमत दोन लाख तीस हजारांच्या आसपास. हा एक सेहेचाळीसला द्यायला तयार. पक्कं बिल हवं तर 28 टक्के जीएसटी वरून. (तेव्हा प्रोजेक्टरवर 28 होता, सप्टेंबर 2025 मध्ये तो 18 वर आला.) बँकेत एकतीस वर्षं काढलेला माणूस मी, दुसऱ्यांचे कागद भिंगातून बघितले, आणि इथे ‘डिलिव्हरी चलन’ लिहिलेल्या एका चिटोऱ्यावर समाधान मानलं. 96,000 यूपीआयने, तेही एका बाईच्या खात्यावर, “मिसेसचं आहे सर.” उरलेले पन्नास रोख.

घरी 120 इंची पडद्यावर पहिला सिनेमा लावला आणि काहीतरी कमी वाटलं. फोन केला. उत्तर तयार होतं. “सर, माझा पडदा 84 चा, तुमचा 120 चा. तोच उजेड दुप्पट जागेत पसरला.” गणित केलं, खरंच दुप्पट. परत गप्प बसलो. आयपीएलला खिडकीचा पडदा जरा सरकला की मैदान करड्या रंगाचं दिसायचं. बायको म्हणाली, खालच्या टीव्हीवर बरं दिसतं. मी तिला लेझरचे फायदे समजावले.

मे महिन्यात मामा आले. ते इथल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते, कार्बनच्या कांड्यांपासून झेनॉनच्या दिव्यापर्यंत सगळं हाताळलेले. नजर अजून शाबूत. दहा मिनिटं बघून म्हणाले, “लेका, दिवा किती जुना हाय ह्यो?”

“मामा, दिवा नाही, लेझर आहे. चौदा तासांचाच घेतलाय.”

“ते ऱ्हाऊ दे. पिक्चर बंद कर, नुसतं पांढरं दाव.”

पांढरा पडदा लावला. उजवीकडे खाली चहाच्या डागासारखी पुसट छटा होती, मी इतके दिवस ती पडद्याचीच समजत होतो. काळा लावला, तर पाच-सहा पांढरे ठिपके जागचे हलेनात. अडकलेले आरसे. मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आमी बी वहीत दिव्याचं तास कमी लिवायचो. मालक सांगायचा, तवा लिवायचो. नवा दिवा महाग.” मला या वाक्यावर रागवावं की हसावं कळेना.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या प्राध्यापकांकडून कॉलेजच्या लॅबमधला लक्समीटर आणला. मोबाइलवरच्या ॲपचा भरवसा नाही, म्हणून. खोली पूर्ण काळोखी, सगळ्यात प्रखर मोड, कारण कंपनीचा आकडा त्याच मोडचा असतो. नऊ ठिकाणची सरासरी 226 लक्स. पडद्याचं क्षेत्रफळ 3.96 चौरस मीटर. गुणाकार जवळजवळ 895 लुमेन. पेटीवर छापलेले 2,200. सिनेमा मोडमध्ये तर सरासरी 118 लक्सवर आली, म्हणजे साध्या पांढऱ्या पडद्यावर चमक (ती निट्समध्ये मोजतात) 38 निट्सच्या आत. थिएटरात मानक 48 निट्सचं आहे. मामांचा डोळा आणि मीटर यांचं एकमत झालं.

लेझरचा उजेड एकदम जात नाही, हळूहळू उतरतो. 20,000 तास आयुष्य म्हणतात, त्याचा अर्थ सहसा तेवढ्या तासांनी उजेड निम्मा राहतो, असा. माझा निम्म्याच्याही खाली होता. एखाद्या दुकानात किंवा प्रदर्शनात रोज बारा तास लावला, तर चार वर्षांत साडेसतरा हजार तास सहज होतात. मग मेनूतले चौदा? दिव्याच्या प्रोजेक्टरला नवा दिवा घातल्यावर आकडा शून्य करायची सोय मेनूतच असते. लेझरला ती गिऱ्हाइकाच्या हातात सहसा देत नाहीत, पण दुरुस्तीवाल्यांच्या मेनूतून वाट निघते. आकडा कुणीही मागे नेऊ शकतो, हे मोटारीच्या मीटरबाबत आपण सगळे जाणतो. मी स्वतः जुनी मोटार घेताना पेडलचं रबर किती झिजलंय ते बघितलं होतं.

इथेही पेडलचं रबर होतंच. प्रोजेक्टर उलटा केला. तळाला छतावर टांगायच्या चार भोकांमधले आटे घासून चकचकीत झाले होते, स्क्रूंच्या डोक्यांना ओरखडे. आणि जाळीतली धूळ तळाच्या बाजूला जाडसर बसलेली. टेबलावर ठेवलेल्या यंत्राच्या तळाला अशी धूळ बसत नाही. हा वर्षानुवर्षं उलटा टांगलेला होता.

मग जे पुण्यात दोन मिनिटांत करता आलं असतं ते केलं. सीरियल नंबर तीन जागी असतो, पेटीवर, तळाच्या स्टिकरवर आणि मेनूतल्या माहितीच्या पानावर. माझे तिन्ही वेगळे होते. मेनूतला नंबर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दिला. यंत्र चार वर्षांपूर्वी परदेशात विकलेलं, भारतात वॉरंटी नाही. लेझरचा भाग बदलायचा खर्च त्या मुलाने सांगितला, तो इथे लिहीत नाही, बायकोही हे वाचते. तुम्ही असला जुना-नवा प्रोजेक्टर घेणार असाल, तर पैसे काढण्याआधी मेनूतला नंबर तिथूनच कंपनीला फोनवर सांगा, तोच नंबर छापलेलं जीएसटी बिल मागा, आणि चहा उजेडात प्या. डेमो तुमच्या पडद्याच्या मापावर मागा. पडदा नसेल तर भिंत चालेल.

विक्रेत्याला फोन केला. पहिल्या दिवशी “सर, बघतो.” दुसऱ्या दिवशी “तुम्हीच काहीतरी उघडलं असेल.” तिसऱ्या दिवसापासून नंबर ब्लॉक. जूनमध्ये पुण्याला गेलो, तर त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं विकत होते. आतली खोली अजून काळीच होती.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथून विक्रेत्याला संपर्क करायचा प्रयत्न झाला, उत्तर आलं नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. हे सोपं. अवघड पुढचं. बिल नाही, त्यामुळे विकत घेतल्याचा पुरावा म्हणजे त्या बाईच्या खात्यावरचे 96,000, व्हॉट्सॲपवरचं ‘चौदा तास झालेत’ हे त्याचं वाक्य, आणि चिटोरं. रोखीचे पन्नास हजार कुठेच दिसत नाहीत. वकील म्हणाले, ते विसरा. जीएसटी वाचवला म्हणून मीही थोडा अडचणीत आलो, हे त्यांनी सौम्य शब्दांत सांगितलं.

प्रोजेक्टर चालू आहे. मामांनी जुन्या थिएटरची युक्ती सांगितली. पडद्याच्या चारही बाजूंनी काळं कापड लावून चित्र 84 इंचांवर आणलं, उजेड दुप्पट झाला. पांढरे ठिपके रात्रीच्या प्रसंगात चांदण्यांसारखे दिसतात, दिवसाच्या प्रसंगात दिसत नाहीत, म्हणून मामा दिवसाचे सिनेमे निवडतात.

आयोगाची पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे. कॉलेजातून लक्समीटर परत मागायला फोन आला होता. तारखेपर्यंत राहू दे म्हटलं.