७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम: काही महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः त्या पट्ट्याबद्दल

७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम हे शिकारी रायफलीचे काडतूस. त्याच्या पितळी नळकांड्याच्या, म्हणजे केसच्या, बुडाभोवती जाड कडे असते, तोच पट्टा. या पट्ट्याच्या जरा वर चकचकीत गोल रेघ दिसली की ती केस संपली असे समजा. पुढच्या एखाद्या बारात ती तिथेच दुभंगते आणि तापलेला वायू बोल्टकडून मागे, नेमबाजाच्या तोंडाकडे येतो. केस पुन्हा पुन्हा भरून वापरली तर या काडतुसात ही रेघ कधीकधी तिसऱ्या भरणीलाच दिसू लागते. चांगले पितळ इतक्या लवकर भंगारात टाकणे जिवावर येते, म्हणून पल्ला आणि अचूकतेच्या आधी याबद्दल लिहितोय.

पट्ट्याचा वारसा १९१२च्या .३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड) काडतुसाचा. तिथे खांदा (केस गोळीकडे निमुळती होते तो भाग) इतका उतरता होता की काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या त्याच्या जागेत, अडवायला पट्टा हवाच होता. १९६२ साली आलेल्या ७ मिमीला चांगला ठळक खांदा आहे, तरी पट्टा राहिला. काडतूस पट्ट्यावर अडते म्हणून खांद्यापुढे चेंबर सैल कापले तरी मापात बसते. नवी केस आणि चेंबर यांत खांद्यापाशी बऱ्याचदा ०.०१५ इंच किंवा जास्त फट असते. बार झाला की खांदा पुढे फुगतो आणि त्यासाठी लागणारे पितळ पट्ट्यावरच्या भिंतीतून ओढले जाते. मग केस पुन्हा मापात आणणारी रीसायझिंग डाय केस धरणाऱ्या शेलहोल्डरला टेकेपर्यंत खाली फिरवली की खांदा पुन्हा मागे जातो, आणि पुढच्या बारात भिंत आणखी पातळ होते.

सुरुवातीचे काही महिने मी सगळा दोष पट्ट्याला देत होतो. आता मत निराळे आहे: पट्टा निरुपयोगी आहे, पण केस मारते ती डायची ठेवण. कम्पॅरेटरने (खांद्यापर्यंतची लांबी मोजण्याच्या साधनाने) वापरलेल्या केसचा खांदा मोजा आणि डाय अशी बसवा की तो फक्त ०.००२ इंच मागे जाईल. म्हणजे केस खांद्यावर अडते आणि पट्टा नावापुरता उरतो. एवढ्याने केसचे आयुष्य सरळ वाढते. दर भरणीआधी बारीक तारेचे टोक वाकवून केसच्या आतून, बुडाकडून वर ओढा. खाच लागली तर केस फेका. पट्ट्यालगत येणारा फुगवटा साध्या डायच्या आवाक्यात येत नाही. त्याने बोल्ट जड लागू लागला तर तो भाग आवळणारी कॉलेट डाय लागते, म्हणजे पुन्हा खर्च.

शिकारीत मात्र काडतुसाबद्दल तक्रार नाही. १६२ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) ईएलडी-एक्स ही शिकारी गोळी २४ इंची नळीतून २९४० फूट प्रतिसेकंदाने निघते आणि ५०० यार्डांवर सुमारे २२३० राहते. ऊर्जा साधारण १७८५ फूट-पौंड. तुलनेला घेतलेल्या ६.५ क्रीडमूर या हलक्या काडतुसाची १४३ ग्रेनची गोळी तिथे २०३० फूट वेगावर आणि १३१० फूट-पौंडांवर असते. एल्कसाठी १५०० फूट-पौंडांचा जुना ठोकताळा धरला तर क्रीडमूर ४०० यार्डांच्या आतच संपते आणि ७ मिमी ६०० ओलांडते. माझ्या मते हा ठोकताळा दुय्यम आहे. गोळी पुरेशी उमलण्यासाठी आघाताच्या वेळी वेग लागतो. १८०० फूट प्रतिसेकंद ही सावध मर्यादा धरली तर क्रीडमूर ७०० यार्डांच्या थोडे आत आणि ७ मिमी ८०० च्या पुढे थांबते. फरक आहे, पण ऊर्जेच्या आकड्यांवरून वाटतो तेवढा नाही.

वाऱ्याचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात ५०० यार्डांवर ७ मिमी सुमारे साडेतेरा इंच सरकते, क्रीडमूर पंधरा. दीड इंचाच्या फायद्यासाठी मॅग्नम घेणारे बरेच आहेत. वारा ओळखण्यात ताशी ३ मैलांची चूक झाली की चार इंच तिथेच गेले. शिवाय ६०० यार्डांवर पोहोचायला गोळीला पाऊण सेकंदाच्या जवळपास लागतो, तेवढ्यात चरणारे जनावर एक पाऊल सहज टाकते. कोणतेही काडतूस याची भरपाई करत नाही.

या फायद्याची किंमत नेमबाजाचा खांदा मोजतो. साडेआठ पौंडी रायफलीत धक्का २२ फूट-पौंडांच्या आसपास, क्रीडमूरच्या जवळजवळ पावणेदोन पट. बार होण्याआधीच डोळे मिटू लागले तर हलके काडतूस घ्या. पोटात लागलेल्या मॅग्नमपेक्षा फुप्फुसात लागलेली क्रीडमूर कितीतरी चांगली. नळीच्या तोंडाशी बसवलेल्या मझल ब्रेकने धक्का उतरतो, पण आवाज वाढतो आणि कानांचे संरक्षण मग एका बारापुरतेही काढता येत नाही.

जवळच्या बारात उलटा त्रास. ५० यार्डांवर गोळी २८५० च्या वर असते. मऊ गोळी जनावराच्या खांद्याच्या हाडावर फुटून मांस नासवते. झाडीत शिकार असेल तर बॉन्डेड (शिसे आवरणाला घट्ट जोडलेली) किंवा अखंड तांब्याची गोळी घ्या, लांबच्या मर्यादेत थोडी घट सोसून.

रायफल घेताना नळीचा ट्विस्ट, म्हणजे आतल्या खाचांचा पीळ, विचारा. बऱ्याच जुन्या नळ्या १:९.५ च्या, म्हणजे साडेनऊ इंचांत एक फेरा, आहेत. त्यांत १६२ ग्रेन चालते, पण १८० च्या लांबट गोळ्यांना १:९ किंवा त्याहून जलद पीळ हवा. नळी २२ इंची असेल तर खोक्यावरच्या वेगातून ५० फूट तरी वजा धरा, आणि अंतरानुसार नेमाचा तक्ता बनवण्याआधी क्रोनोग्राफवर (वेगमापकावर) स्वतःचा वेग मोजा.

नवी रायफल घेणाऱ्याला आज मी २०२२ साली आलेली ७ मिमी पीआरसी (प्रिसिजन रायफल कार्ट्रिज) सांगेन: पट्टा नाही, पीळ १:८, १७५ ग्रेनची गोळी ३००० वर. एक लक्षात ठेवा: तिचा दाब ६५,००० पीएसआयपर्यंत जातो, रेमिंग्टनचा ६१,०००. ज्यांच्याकडे ७ मिमी रेमिंग्टन आहे त्यांनी ती विकू नये. नळी झिजली की तिथे पीआरसीची नळी बसवून घ्यावी. बोल्टचे तोंड तेच चालते. मॅगझिनमध्ये ३.३४० इंच लांबीचे काडतूस मावते का, तेवढे आधी मोजून घ्या.