एडिंबरा की स्टर्लिंग : आई-बाबांना कोणता किल्ला दाखवावा?

आई-बाबा स्कॉटलंडला आले आणि किल्ल्यासाठी एकच दिवस हाताशी असला, तर एडिंबरा निवडावा की स्टर्लिंग, हा प्रश्न मला दोन वर्षांत दोनदा पडला आणि दोन्ही वेळा मी वेगळे उत्तर दिले.

पहिल्या वेळी अर्थातच एडिंबरा. मृत ज्वालामुखीच्या कातळावरचा तो किल्ला न पाहता परत गेल्यास पुण्यात चारचौघांना सांगायचे काय, हा बाबांचा सवाल रास्तच होता. १८६१ पासून दुपारी एक वाजता उडणारी तोफ (रविवारी ती उडत नाही) त्यांना आवडली. त्याहून ते रमले प्रवेशद्वाराबाहेरच्या पटांगणात. तिथे ७८व्या हायलँडर्स पलटणीच्या स्मारकावर हत्ती कोरलेला आहे. स्मारक १८५७-५८ मध्ये पडलेल्या सैनिकांचे असले, तरी हत्तीचे मानचिन्ह पलटणीला मिळाले ते १८०३ च्या असईच्या लढाईमुळे, म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यात शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी झालेल्या लढाईमुळे.

अडचण आली ती उतरताना. सिंहगडाची सवय असल्यामुळे चढ बाबांना जाणवला नाही. पण नुकतीच पावसाची सर येऊन गेलेली, उताराची दगडी फरसबंदी निसरडी झालेली आणि मागून पर्यटकांचा लोंढा, अशा स्थितीत गुडघा धरून क्षणभर थांबावे म्हटले तरी आपण वाटेतला अडसर ठरतो. चालण्यास त्रास असणाऱ्यांसाठी आत गाडीची सोय असते, हे खरे. परंतु तीत बसायला बाबांना राजी करणे हे गड सर करण्याहून अवघड काम आहे. मुकुट आणि राजदंड पाहिल्याचा आनंद त्या उतारावरच ओसरला.

पुढच्या एप्रिलमध्ये आम्ही आगगाडीने तासाभराच्या आत स्टर्लिंगला पोहोचलो. चढ आणि दगड तिथेही आहेत आणि स्थानकापासून चालत वर जाण्याचा विचारही करू नये, टॅक्सी करावी. मात्र आम्ही गेलो त्या दिवशी तरी गर्दी बेताची होती, त्यामुळे बाबांना आपल्या चालीने उतरता आले, आणि माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला. चौथ्या जेम्सच्या भव्य दालनाचा सोनेरी चुना दुरूनच नजरेत भरतो. पाचव्या जेम्सच्या महालात तत्कालीन पोशाखातली माणसे आपणहून बोलायला येतात. आईचे इंग्रजी जेमतेम, तरी तिने त्यांच्याशी खुणांनी गप्पा मारल्या. मेरी राणीचा राज्याभिषेक १५४३ मध्ये याच किल्ल्यात, ती नऊ महिन्यांची असताना झाला, हे सांगितल्यावर आईने विचारले, “एवढ्याशा पोरीचा मुकुट सावरला कोणी?” मुदपाकखान्यातून तर ती निघेना. मग बागेत बसून दशम्या खाल्ल्या.

ज्यांचे आई-बाबा ठणठणीत आहेत, त्यांना माझे म्हणणे कदाचित पटणार नाही. तरीही दिवस स्टर्लिंगला द्यावा आणि संध्याकाळी एडिंबराच्या पटांगणात जाऊन हत्ती तेवढा पाहावा. त्याला तिकीट लागत नाही. ऑगस्टमध्ये मात्र लष्करी सोहळ्याचे प्रेक्षकसज्जे तिथे उभे असतात. बाकीचा किल्ला खालून, प्रिन्सेस स्ट्रीटच्या बागेतल्या बाकावरूनच अधिक देखणा दिसतो, असे आता बाबाही म्हणतात.