लंडनची २४ नंबरची बस: कमी पैशात लंडन बघायचं असेल तर हिच्यात बसा

लंडनला निघालेल्या माणसाच्या गळ्यात सगळ्यात आधी काय मारतात तर ती उघड्या टपाची टुरिस्ट बस. माणशी तीस पौंडांच्या वर तिकीट, म्हणजे चौघांचं कुटुंब असेल तर एका दिवसाचे तेरा-चौदा हजार रुपये नुसते बसमध्ये बसण्याचे, आणि कानात ती रेकॉर्ड केलेली कॉमेंट्री. माझं स्पष्ट मत आहे, हे पैसे घालवू नका. त्याच रस्त्यांवरून लंडनची साधी लाल डबलडेकर जाते, पावणेदोन पौंडात, म्हणजे दोनशे रुपयांच्या आसपास. आणि त्यातल्या त्यात २४ नंबर ही माझ्या मते बजेटवाल्यांसाठी सगळ्यात भारी बस आहे, म्हणून हा रिव्ह्यू खास तिच्यासाठी.

आधी रूट सांगते. वरच्या टोकाला हॅम्पस्टेड हीथ, तिथून कॅम्डेन, मग टॉटनहॅम कोर्ट रोड, ब्रिटिश म्युझियमजवळून चेरिंग क्रॉस रोड, ट्रफाल्गर स्क्वेअर, व्हाइटहॉल, पार्लमेंट, व्हिक्टोरिया आणि शेवट पिम्लिकोला थेम्सच्या काठी. १९१२ पासून हा रूट जवळपास तसाच चालू आहे म्हणतात, वन-वे वगैरेमुळे झालेले किरकोळ बदल सोडले तर. रात्रभर पण चालते, त्यामुळे उशीर झाला तरी टॅक्सी करायची वेळ येत नाही.

भाड्याचं गणित नीट समजून घ्या कारण खरी बचत तिथेच आहे. २०२५ मधले दर सांगते. एका फेरीचे १.७५ पौंड, पण पहिल्यांदा कार्ड टॅप केल्यापासून एक तासाच्या आत तुम्ही कितीही बस बदला, पुढचे पैसे पडत नाहीत. ह्याला हॉपर म्हणतात. तासाच्या शेवटच्या मिनिटाला जरी शेवटच्या बसमध्ये टॅप केलं तरी ती बस पुढे कितीही वेळ जाऊ दे, चालतं. आणि दिवसभरात बसचे ५.२५ पौंड झाले की त्याच्यावर एक पेनी पण कापत नाहीत, फक्त बसनेच फिरायचं मात्र, ट्यूब म्हणजे तिथली मेट्रो वापरली की हिशोब वेगळा. म्हणजे सहाशे रुपयात अख्खा दिवस, मनाला येईल तिथे उतरा, बघा, पुढच्या बसमध्ये चढा. टुरिस्ट बसवाले ह्याच चढ-उतारासाठी तीस पौंड मागतात! अकरा वर्षांखालच्या मुलांना बस फुकट आहे, त्यासाठी काही कार्ड-बिर्ड काढावं लागत नाही.

रोख पैसे चालत नाहीत, २०१४ पासूनच बंद केलेत, त्यामुळे नाणी काढून ड्रायव्हरसमोर उभं राहू नका. कॉन्टॅक्टलेस कार्ड किंवा ऑयस्टर, म्हणजे लंडनचं पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड. आपलं इथलं कार्ड नेणार असाल तर निघायच्या आधी बँकेच्या ॲपमध्ये इंटरनॅशनल आणि टॅप दोन्ही चालू करून घ्या, आणि बँक फॉरेन मार्कअप, म्हणजे परदेशी खर्चावरचं जादा शुल्क, किती लावते ते विचारा, कारण छोट्या छोट्या टॅपवर पण तो लागतो. प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं, एकाच कार्डवर नवरा-बायको दोघं जाऊ शकत नाहीत. आणि सकाळी फोनने टॅप केलं असेल तर दिवसभर फोननेच करा, कारण तेच कार्ड फोनमध्ये असलं तरी मशीन ते वेगळं धरतं आणि मग ना हॉपर मिळतो ना ५.२५ ची मर्यादा. चढताना एकदाच टॅप, उतरताना करायचं नाही.

आता बसण्याबद्दल. वरच्या मजल्यावर, सगळ्यात पुढे, डाव्या बाजूची सीट. बेस्टच्या डबलडेकरमध्ये त्या सीटसाठी जे लहानपणी धावलेत त्यांना वेगळं सांगायला नको. समोर अख्खी काच, रस्त्याकडेच्या झाडांच्या फांद्या टपाला घासत जातात, खाली सायकलवाले दिसतात, दुकानांच्या वरचे मजले दिसतात जे फुटपाथवरून चालताना कधी नजरेलाच येत नाहीत. माझ्या आईचे गुडघे दुखतात, तिला ट्यूबचे जिने आणि ते लांबच लांब बोगदे झेपत नव्हते, बसमध्ये मात्र ती खालच्या मजल्यावर दाराजवळ निवांत बसायची. बस फुटपाथच्या बाजूला खाली झुकते, व्हीलचेअरसाठी बीप बीप करत दारातून रॅम्प बाहेर येतो, आणि पुढचा स्टॉप कुठला ते बोलून पण सांगतात आणि पाटीवर पण येतं. इंग्रजी थोडं कमी असलेल्या म्हाताऱ्या माणसालासुद्धा एकटं फिरता येईल अशी ही सोय आहे, आणि ह्या एका गोष्टीसाठी मी लंडनच्या बसला मनापासून मानते.

वाटेतल्या फुकट गोष्टी तर विचारू नका. ट्रफाल्गर स्क्वेअरला नॅशनल गॅलरी, व्हॅन गॉगची सूर्यफुलं, लिओनार्दो, सगळं मोफत, पाय दुखले की बाहेर येऊन परत बस. व्हाइटहॉलला हॉर्स गार्ड्सच्या पहाऱ्याचा बदल रोज ११ वाजता असतो, रविवारी १० वाजता, बकिंगहॅमच्या गर्दीत माणसांच्या पाठी बघत उभं राहण्यापेक्षा इथे घोडे अगदी जवळून दिसतात. वेस्टमिन्स्टर ॲबीचं तिकीट महाग आहे, पण संध्याकाळच्या प्रार्थनेला जायला पैसे लागत नाहीत, तिथलं कॉयर ऐकायला मिळतं. फिरून सगळं बघता येत नाही हे खरं, आणि ती प्रार्थना आहे त्यामुळे शांत बसायची तयारी हवी. शेवटी पिम्लिकोला उतरून टेट ब्रिटनपर्यंत चालत जा, तिथे इंग्रज चित्रकार टर्नरची चित्रं बघायला, ती पण फुकट. चेरिंग क्रॉस रोडची जुनी पुस्तकांची दुकानं आता थोडीच उरलीत, तरी एक तास काढा.

जेवणासाठी हॅम्पस्टेड रोडवर उतरून ड्रमंड स्ट्रीट. युस्टन स्टेशनच्या मागची छोटीशी गल्ली, भेळपुरी, डोसा, मिठाई, शाकाहारी लोकांची चंगळ, आणि सेंट्रल लंडनच्या मानाने खिशाला परवडतं. नाहीतर कुठल्याही सुपरमार्केटमधली मील डील, सँडविच, चिप्स आणि ड्रिंक मिळून चार पौंडांच्या आसपास, आणि खायला बाग शोधा. पाणी विकत घेऊ नका, हॉटेलात टॅप वॉटर मागायचं, पैसे लागत नाहीत. टॉयलेटला म्युझियम गाठा नाहीतर युस्टन, व्हिक्टोरियासारखी मोठी रेल्वे स्टेशनं, तिथे आता पैसे घेत नाहीत.

पण मराठी माणसाने ही बस का पकडावी ह्याचं खरं कारण वेगळंच आहे. चॉक फार्म रोडवर उतरायचं आणि दहा-पंधरा मिनिटं चालत १०, किंग हेन्रीज रोडला जायचं. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये इथे राहत होते, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला शिकत असताना. घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने घेतलं, आता तिथे स्मारक आहे आणि आत जायला तिकीट नाही. दारावर निळी पाटी, अगदी शांत गल्ली, आजूबाजूला सगळी राहती घरं. आपण पौंडाला किती रुपये हे गुणत फिरतो, पण ह्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी ह्याच शहरात अर्धपोटी राहून, ब्रिटिश म्युझियमच्या लायब्ररीत दिवस दिवस वाचत डी.एससी. केली, आणि प्रबंधाचा विषय काय तर रुपयाचाच प्रश्न. ते घर बघून परत २४ मध्ये बसलं की पुढे ब्रिटिश म्युझियम लागतं. मी तिथे उतरून आधी तिथली अमरावतीच्या (आपली नव्हे, आंध्रातली) बौद्ध स्तूपाची शिल्पं बघितली, आणि मग त्या लायब्ररीची जुनी गोल रीडिंग रूम आहे त्या चौकात बराच वेळ नुसती उभी राहिले. मला ह्या अख्ख्या ट्रिपमध्ये ह्याच्यापेक्षा मोठं काही वाटलं नाही. त्या घरापासून प्रिमरोझ हिल पण जवळ आहे, टेकडीवर चढा, समोर सगळं लंडन दिसतं, तेही फुकट.

कमी काय आहे ते पण सांगते. बस हळू जाते. टॉटनहॅम कोर्ट रोड, ट्रफाल्गर स्क्वेअर ह्या पट्ट्यात संध्याकाळी ट्रॅफिक असतो, ट्यूबने पंधरा मिनिटांत होणारं अंतर इथे सहज पाऊण तास घेतं. कधीकधी मध्येच सांगतात की बस शेवटपर्यंत जाणार नाही, उतरा, मग मागच्या बसची वाट बघायची. त्यामुळे विमान, ट्रेन किंवा नाटकाची ठरलेली वेळ गाठायची असेल तर बसच्या भरवशावर राहू नका. उन्हाळ्यात वरचा मजला तापतो, पावसात काचा धुरकट होतात.

तरी माझ्याकडून पाचपैकी साडेचार. बाकीच्या बसमध्ये ९ नंबर अल्बर्ट हॉलच्या बाजूला जायला आणि १५ नंबर सेंट पॉल्स, टॉवरकडे जायला चांगली आहे, पण एकच दिवस हातात असेल तर २४. सकाळी हॅम्पस्टेडच्या टोकापासून सुरुवात करा, तिथे बस रिकामी असते आणि पुढची सीट हमखास मिळते. आणि स्टॉपवर बस येताना दिसली की हात दाखवा, नाहीतर कधीकधी थांबत नाही. आंबेडकर हाउसला जायचं असेल तर त्या दिवशी उघडं आहे का ते आधी बघून निघा.