१०८० टीआयसाठी शांत कूलर निवडताना: रायजिनटेक मॉर्फिअस २

मार्च २०१७ मध्ये बाजारात आलेले एनव्हिडियाचे जीटीएक्स १०८० टीआय हे ग्राफिक्स कार्ड ११ जीबी मेमरीच्या बळावर आजही अनेकांच्या संगणकात उत्तम काम देते. त्याची वॉरंटी केव्हाच संपलेली असल्यामुळे मूळ कूलर काढून दुसरा बसवायचा की नाही, हा निर्णय आता सर्वस्वी मालकाचा आहे. माझ्याकडचे कार्ड फाउंडर्स एडिशन प्रकारचे, म्हणजे ब्लोअर पंख्याचे आहे. ज्या खोलीत ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये रेंडर (अंतिम चित्र तयार करण्याचे काम) चालू असतो, त्याच खोलीत मला मराठी पुस्तकांचे वाचन ध्वनिमुद्रित करायचे असते. त्यामुळे आवाजाचा प्रश्न माझ्यासाठी केवळ सोयीचा नव्हता.

ब्लोअरच्या रचनेत एकच लहान पंखा हवा आत ओढतो, ती बंदिस्त हीटसिंकमधून (उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या पातींमधून) रेटतो आणि कार्डाच्या मागच्या जाळीतून कॅबिनेटबाहेर टाकतो. लहान कॅबिनेटमध्ये किंवा दोन कार्डे शेजारी लावायची असतील तेव्हा ही रचना खरोखर उपयोगी पडते. मात्र २५० वॅट उष्णता एवढ्याशा जागेतून बाहेर काढायची तर पंख्याला फार वेगाने फिरावे लागते. पंख्याची हवा त्याच्या वेगाच्या प्रमाणात वाढते, पण आवाज त्याहून कितीतरी झपाट्याने चढतो. वेग निम्म्यावर आणला तर आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो आणि तेवढ्याच आवाजाचा दुसरा पंखा जोडला तर तो फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणून शांत कूलर शोधताना पाहायची ती मोठ्या पृष्ठभागाची हीटसिंक आणि तिच्यावर सावकाश फिरणारे मोठे पंखे. खोक्यावर छापलेला डेसिबलचा आकडा कोणत्या वेगाला आणि किती अंतरावरून मोजला आहे हे कळत नसेल, तर त्यावरून निवड करू नये.

माझ्यापुढे मुख्यतः दोन पर्याय होते. आर्क्टिकच्या अ‍ॅक्सेलेरो एक्स्ट्रीम मालिकेत ९२ मिलिमीटरचे तीन पंखे हीटसिंकवर बसवूनच मिळतात, त्यामुळे वेगळी जुळवाजुळव करावी लागत नाही. रायजिनटेकच्या मॉर्फिअस २ मध्ये ६ मिलिमीटर जाडीच्या बारा हीटपाइप (चिपची उष्णता पातींपर्यंत नेणाऱ्या नळ्या) आहेत आणि उत्पादकाच्या दाव्यानुसार तो ३६० वॅटपर्यंतची उष्णता हाताळतो. त्याच्यासोबत पंखे येत नाहीत. १२० मिलिमीटरचे दोन पंखे आपण निवडायचे आणि तारेच्या क्लिपांनी अडकवायचे. पंखे वेगळे घ्यावे लागल्याने खर्च वाढतो, तरीही मी मॉर्फिअसच निवडला. पंखा हा झिजणारा भाग आहे. उद्या त्याचे बेअरिंग वाजू लागले तर बाजारात कुठेही मिळणारा १२० मिलिमीटरचा पंखा आणून लावता येतो आणि कूलर पुढची कित्येक वर्षे तसाच वापरता येतो.

जागेचा हिशोब मात्र खरेदीपूर्वीच करावा. हीटसिंकची जाडी ४४ मिलिमीटर आणि नेहमीच्या पंख्याची २५, म्हणजे एकूण जवळजवळ ७० मिलिमीटर होतात. मदरबोर्डवरच्या एका स्लॉटची रुंदी २०.३२ मिलिमीटर असते. तेव्हा हे कार्ड जवळपास चार स्लॉटांची जागा अडवते. खाली साउंड कार्ड किंवा आणखी काही लावायचे असेल, तर नॉक्टुआच्या एनएफ-ए१२एक्स१५ सारखे १५ मिलिमीटर जाडीचे पंखे घ्यावेत. जागा असेल तर २५ मिलिमीटरचेच बरे, कारण कमी वेगातही ते हीटसिंकच्या पातींमधून हवा अधिक नेटाने ढकलतात. आर्क्टिकचा पी१२ हा त्यातला स्वस्त आणि भरवशाचा पर्याय आहे. हीटसिंक आणि पंखे मिळून कार्डावर अर्ध्या किलोहून जास्त वजन येत असल्याने खालून आधार देणे आवश्यक आहे.

बसवताना सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागते ती मेमरीची. कार्डाच्या मधल्या उघड्या मुख्य चिपभोवती मेमरीच्या बारा जागा असून त्यांपैकी एक रिकामी आहे. उरलेल्या अकरा जागांवर प्रत्येकी एक छोटी हीटसिंक चिकटवायची असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने प्रत्येक चिपचा पृष्ठभाग पुसून कोरडा केला नाही, तर चिकटपट्टी पकड घेत नाही. उभ्या कॅबिनेटमध्ये कार्डाची ही बाजू खाली तोंड करून असते, त्यामुळे सैल बसलेला अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा उष्णतेने निसटला तर तो थेट खालच्या भागांवर पडून शॉर्ट सर्किट होऊ शकते. चिकटवल्यावर प्रत्येक तुकडा बोटाने हलकेच ओढून पाहावा आणि हीटपाइपखाली येणाऱ्या जागी कमी उंचीचेच तुकडे वापरावेत. कायमस्वरूपी घट्ट होणारा थर्मल गोंद मी टाळतो; तो लावला की मूळ कूलरकडे परतण्याचा मार्ग बंद होतो. मुख्य कूलरचे स्क्रू कर्णरेषेत, प्रत्येकी थोडे थोडे फिरवून आवळावेत, कारण चिपवर धातूचे झाकण नसते आणि दाब एका बाजूला पडला तर तिचा कोपरा उडू शकतो.

आता परिणामाकडे वळतो. रेंडर चालू असताना ब्लोअरची ती सततची शीळ मायक्रोफोनमधून पूर्णपणे गेली आहे. मूळ कूलरसह हे कार्ड ८४ अंशांच्या मर्यादेला टेकून आपला वेग कमी करत असे. आता ते त्या मर्यादेच्या बरेच खाली राहते. पण याच यशात एक धोका दडलेला आहे. या कार्डावर सॉफ्टवेअरला दिसते ते फक्त मुख्य चिपचे तापमान. मेमरी आणि वीज नियंत्रित करणारे व्हीआरएमचे भाग किती तापले आहेत हे कळत नाही. मॉर्फिअस चिपला इतका गार ठेवतो की तिच्या तापमानावरून चालणारे पंखे अगदी मंदावतात आणि छोट्या हीटसिंकांवर अवलंबून असलेल्या व्हीआरएमला हवाच मिळत नाही. यासाठी कामाच्या वेळी पंखे मिनिटाला ८०० ते ९०० फेऱ्यांच्या खाली जाणार नाहीत, असे मी ठरवून दिले आहे. चांगल्या पंख्यांचा या वेगाला होणारा आवाज कॅबिनेटबाहेर जेमतेम जाणवतो. पंखे कार्डालाच जोडायचे असतील तर कार्डावरच्या लहान चार पिनांच्या कनेक्टरसाठी वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो, तो कूलरबरोबरच मागवावा.

शिवाय ब्लोअर बाहेर फेकत असलेली उष्णता आता कॅबिनेटमध्येच सोडली जाते, म्हणून समोरून हवा घेणारे आणि मागून टाकणारे पंखे नीट असायला हवेत. थंड देशांतल्या चाचण्या वाचताना खोलीच्या तापमानाचा फरक जसाच्या तसा मिळवावा. २२ अंशांच्या खोलीत ६० दाखवणारा कूलर नागपूरच्या ३८ अंशांच्या खोलीत ७६ च्या आसपास जाणार.

कूलरवर पैसे खर्च करण्याआधी एक उपाय मात्र प्रत्येकाने करून पाहावा. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट (वीजवापराची कमाल मर्यादा) ८० टक्क्यांवर आणली की वीजवापर २५० वरून २०० वॅटवर येतो आणि कामाचा वेग त्या मानाने थोडाच घटतो. ज्यांच्या कार्डावर आधीच दोन-तीन पंख्यांची मोठी हीटसिंक आहे, त्यांनी मॉर्फिअस घेऊच नये. प्लास्टिकचे आवरण आणि मूळ पंखे काढून त्याच हीटसिंकवर १२० मिलिमीटरचे पंखे बांधले तरी बहुतेक काम होते. आणि कार्डातून येणारा आवाज भाराखाली किणकिणणारा, फ्रेमच्या संख्येबरोबर सूर बदलणारा असेल, तर तो पंख्याचा नसून कॉइलचा, म्हणजे कार्डावरच्या तारेच्या वेटोळ्यांचा आहे. त्यावर कोणताही कूलर उपयोगाचा नाही.